ग्रेडरचा हात

"ओलं हाये, काका," दीपा म्हणाली, आणि वामनरावांना क्षणभर वाटलं, ही पोरगी दुसऱ्याच कुणाच्या पलंगाबद्दल बोलते आहे. कारण उठून बसल्याबरोबर, ती झाडू घेऊन दारात यायच्या आधीच, त्यांनी हात मागे नेऊन चादर चाचपली होती आणि हातानं स्वच्छ सांगितलं होतं की कोरडी आहे. हात खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, कागद बोलतो, वजनकाटा तर पैसे घेऊन बोलतो, पण वामनरावांचा उजवा हात आजवर खोटं बोललेला नव्हता. वृद्धाश्रमात झाडलोटीला असलेल्या त्या पोरीकडे ते नुसते पाहत राहिले. तिनं चादरीचं टोक दोन बोटांत धरलं होतं; चेहऱ्यावर किळस नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागलं. "पाणी सांडलं असेल," ते म्हणाले. "तांब्या कलंडला वाटतं." दीपानं स्टुलाकडे पाहिलं. तांब्या फुलपात्र पालथं घालून ताठ उभा होता, आणि काठोकाठ भरलेला होता. "असंन," ती म्हणाली, चादर गोळा केली आणि निघून गेली. तो "असंन" त्यांच्या छातीत दिवसभर खड्यासारखा रुतून राहिला. तिनं भांडायला हवं होतं. कायले खोटं बोलता काका, असं तोंडावर म्हणायला हवं होतं, म्हणजे त्यांना निदान चिडता तरी आलं असतं.

वामनराव सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. नोकरीतला सगळा काळ यवतमाळ जिल्ह्यातच गेला. कधी राळेगाव, कधी मुकुटबन, कधी पुसद, जिथे केंद्र उघडेल तिथे. हंगामात गाड्यांच्या रांगा फाटकाबाहेर गावाच्या वेशीपर्यंत जायच्या आणि सगळ्या रांगेचे डोळे एका हातावर लागलेले असायचे. गाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढायचं, बाही सरसावायची, आणि हात कोपरापर्यंत ढिगात खुपसायचा, कारण वरवर सगळेच चांगला कापूस ठेवतात. आतून मूठ भरून काढायची, दाबायची, सोडायची. कोरडा कापूस लगेच फुलून वर येतो; ओला तसाच दबून बसतो, मार खाल्लेल्या माणसासारखा. मग त्यातली एक सरकी दाताखाली. कट्‌ करून फुटली तर ठीक, नाहीतर "ओला" एवढंच म्हणायचं आणि खाली उतरायचं. वजन वाढावं म्हणून रातोरात घागरी ओतणारे बेरकी लोक होते, आणि रांगेत उभ्या उभ्या दहिवरानं ज्यांचा माल भिजला असेही होते. हाताला दोन्ही सारखेच. हातानं माणूस ओळखायचा नसतो, कापूस ओळखायचा असतो, असं ते नव्या पोरांना शिकवत. आणि त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. बाकीचे ग्रेडर शेतकऱ्याच्या घरचं तूप खाऊन गुबगुबीत झाले. वामनराव सडपातळच राहिले आणि त्याचा त्यांना ताठा होता. लोक म्हणत, ह्या माणसाच्या हातात यंत्र आहे. घरी बायको म्हणायची, त्या हाताला बाकी काही कळत नाही. ती गेली त्या सकाळी त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला होता आणि पहिलं काय जाणवलं, तर कपाळ कोरडं आहे.

आता हे सगळं कुणाला सांगणार? वृद्धाश्रमात प्रत्येक जण कधी ना कधी काहीतरी होताच. आश्रम शहराच्या कडेला, जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. पुढे एक मोठी खोली, तिला व्हरांडा आणि रस्त्याकडची खिडकी. मागे दुसरी खोली, तिच्या दारातच मोरी आणि नळ, आणि खिडकीतून दिसायचं काय, तर दोरीवर वाळत घातलेली फडकी. आश्रम चालवणाऱ्या विमलताई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. बाई कडक, पण मनानं वाईट नाही. त्यांचा नियम असा, की ज्यांना लघवीचा ताबा राहिला नाही त्यांचा पलंग मागच्या खोलीत. त्या कारणही सांगत: नळ जवळ, ऊन जवळ, आणि तिथे एक बाई कायम हजर, म्हणजे ओलं झालं की लगेच बदलता येतं. "म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी," त्या म्हणत. "ओलीत राहिली की सोलते. यात लाज कसली?" त्यांना काय जातं म्हणायला. वामनरावांनी आल्या दिवशीच मनातल्या मनात दोन्ही खोल्यांची ग्रेड लावून टाकली होती. पुढची खोली सुपर, म्हणजे पहिल्या प्रतीचा माल. मागची कवडी, म्हणजे डाग पडलेला, कीड लागलेला, वेगळा काढून टाकलेला माल. मागच्या खोलीत गेलेलं माणूस पुढे परत आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि महिन्यातून एका रविवारी घनश्याम, त्यांचा मुलगा, नागपूरहून यायचा तो व्हरांड्यात बसायचा, आत कधी यायचा नाही. मागच्या खोलीत हलवलं तर त्याला सांगावं लागणार. काहीही होवो, मागच्या खोलीत जायचं नाही, एवढं त्यांनी त्या सकाळी ठरवून टाकलं.

घनश्यामला तसं काही सांगायला नको होतं म्हणा. त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे यांना माहीत होतं, आणि तरी दोघं मिळून ते झाकून ठेवत आले होते. नागपूरला त्याच्या फ्लॅटमध्ये ते राहत असताना एका दुपारी टीव्हीपुढे डोळा लागला आणि उठले तेव्हा सोफ्याच्या कापडावर गडद डाग. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर नवं कव्हर आलं आणि ते बसले तेव्हा खालून प्लॅस्टिक करकरलं. रात्री जेवताना तिघंही भाजी छान झाली म्हणाले. मग आठवड्याभरात वामनराव स्वतःच म्हणाले, मला इथे करमत नाही, मी यवतमाळलाच बरा. घनश्यामनं "अहो बाबा" असं म्हटलं, पण एकदाच. ते करकरणं त्यांना अजून ऐकू यायचं. कोणी फरशीवर खुर्ची सरकवली तरी ते दचकायचे.

पण सोफ्याच्या वेळी हातानं सांगितलं होतं. त्या दुपारी हात खाली गेला आणि हातानं लगेच, लाजलज्जा न बाळगता सांगितलं होतं, ओला. मग आता काय झालं? वामनराव आता कशालाही हात लावून पाहू लागले. भिंत, तांब्याची कड, आंघोळीनंतरचा पंचा, स्वतःचाच डावा तळवा. पंचा पिळला तर पाणी निघत होतं म्हणजे तो ओला, हे डोळ्यांना दिसत होतं. हात मात्र गप्प. गार लागायचं, पण गार आणि ओलं यांत जी एक बारीकशी फट असते, जिच्यावर त्यांचं उभं आयुष्य गेलं, ती बुजली होती. केव्हा बुजली? या वर्षी? मागच्या वर्षी? की त्याच्याही आधी, नोकरीतच? हा विचार आला तेव्हा ते व्हरांड्यात होते आणि रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. यंदा खरेदी उशिरा सुरू झालेली, भाव मातीमोल, पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या शेतकऱ्याचं नाव काळ्या चौकटीत. लोक गाडीवर बसले होते ते मयतीला चालल्यासारखे. त्यांना मुकुटबनची एक गाडी आठवली. नोकरीतला शेवटचा हंगाम. "ओला" म्हणून ते उतरले तेव्हा गाडीवाला बैलाच्या जूवर हात ठेवून म्हणाला होता, पुन्यांदा हात घालून पाहा साहेब, कोरडा हाये. आवाजात रड नव्हती, चढेलपणाही नव्हता. वामनरावांनी पुन्हा हात घातला नव्हता. ग्रेडर दोनदा हात घालत नाही. घातला की रांगेतला प्रत्येक जण दोनदा घालायला लावतो. त्या माणसाचा चेहरा आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला, पण चेहरा आठवेना. जूवरचा हात आठवत होता, नखांत काळी माती भरलेला.

असो. उपाय त्यांना आपल्या धंद्यातलाच सुचला. ओल धरायची तर कापसासारखं काही नाही. त्यांनी गादीची एका कडेची शिवण नखानं उसवली, मूठभर कापूस काढला, बोटांनी पिंजला, गुठळ्या वेचून टाकल्या, लांबट पेळू वळले आणि लंगोटाच्या आत नीट रचून बसवले. काम करताना बोटं कशी भराभर चालत होती! इतके दिवस ती बोटं पेपर धरण्यापुरतीच उरली होती. संध्याकाळी भिजलेले पेळू पेपरात गुंडाळून कंपाउंडच्या भिंतीपलीकडे टाकायचे, नवे वळायचे, उसवलेली कड काळ्या दोऱ्यानं पुन्हा टाचायची. दुसरा उपाय पाण्याचा. प्यायलंच नाही तर येईल कुठून? दीपा तांब्या भरून ठेवायची, ते तो खिडकीतून जास्वंदीच्या बुडाशी ओतायचे. जीभ टाळूला चिकटायची, डोकं दुखायचं, लघवी मातकट पिवळी आणि कडक व्हायला लागली, तिचा वास नाकात बसला. तो मारायला म्हणून लाल साबणाची वडी. मोरीत कडी लावून ते स्वतःला साबणानं घासायचे, पंच्यानं रगडून पुसायचे, वरून पावडर थापायचे. झोंबायचं. झोंबतंय म्हणजे स्वच्छ होतंय, अशी त्यांची समजूत होती. लहानपणी आईनं जखमेवर लावलेली हळदही झोंबायचीच. विमलताई मागच्या खोलीतल्या बायांना बजावताना त्यांनी भिंतीपलीकडून शंभरदा ऐकलं होतं: साबण नको, घासू नको, कोमट पाण्यानं धुवा, फडक्यानं नुसतं टिपा, पावडरीचा लगदा होतो, मलमाचा पातळ हात फिरवा, आणि पाणी पाजा, पाणी कमी पडलं की लघवी जाळते. ऐकलं होतं, पण ते मागच्या खोलीसाठी होतं. पुढच्या खोलीतल्या माणसाला त्याच्याशी काय करायचं?

"काका, तुमी पानी लय पेता जी," दीपा एकदा रिकामा तांब्या उचलताना म्हणाली. "मंग ओठ काहून असे सुकले?" ती राळेगावकडची पोरगी, घरची बुद्धपौर्णिमेची खीर त्यांना वाटीभर आणून देणारी. तिच्याशी ते कधी तुटक वागले नव्हते. त्या दिवशी वागले. "तू तुझं काम कर," म्हणाले. दीपा खिडकीशी गेली, जास्वंदीकडे पाहिलं. झाड चांगलं टवटवीत होतं. ती वळली तेव्हा तिचं तोंड काहीतरी बोलायला उघडलेलं होतं, पण तिनं ते मिटून घेतलं. बुढ्या माणसाची अब्रू उघड्यावर कायले आणायची, असं तिला वाटलं असणार. तिच्या जागी वामनराव असते तरी त्यांनीही तेच केलं असतं; आपल्याकडे चांगलं माणूस म्हणजे दुसऱ्याची ओल दिसली तरी न पाहिल्यासारखं करणारं.

घनश्याम आला त्या रविवारी ते व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसले. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. खाली सगळं पेटलं होतं. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना कुणी निखारे ठेवल्यासारखं. बूड थोडं उचललं की कापूस कातडीला चिकटून ओढला जायचा आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, म्हणून ते जराही हलले नाहीत. घनश्याम ऑफिसचं बोलला, पोरांच्या क्लासचं बोलला, नागपुरात पाणी एक दिवसाआड येतं म्हणाला. "तुमचं बरं आहे बाबा," तो म्हणाला, "समोर रस्ता आहे, वेळ जातो. तब्येत पण मस्त दिसते. मी सगळ्यांना सांगतो, आमचे बाबा अगदी फिट." वामनराव हसले. त्यांना त्या क्षणी मुलाची इतकी माया आली की रडू फुटेल असं वाटलं, आणि त्याच वेळी त्यानं लवकर उठावं, पाच मिनिटं लवकर उठून जावं, एवढीच इच्छा होती. घनश्याम पाया पडायला वाकला तेव्हा त्याचं नाक किंचित आक्रसलं. त्यालाही कळलं होतं. तो हसला आणि म्हणाला, "काळजी घ्या."

उघडकीला आलं ते गाद्यांना ऊन द्यायच्या दिवशी. दीपानं त्यांची गादी उचलली आणि ती एवढी हलकी निघाली की तिचा तोलच गेला. निम्मी खोळ रिकामी होती, आणि कडेला आडवेतिडवे काळे टाके. वामनराव तेव्हा पलंगाची दांडी धरून उभे होते. बसणं त्यांनी सोडून दिलं होतं. पाठ दुखते म्हणून उभा राहतो, असं सांगायचे. अंगात बारीक कणकण होती. विमलताई आल्या, त्यांनी गादीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. "काका, झोपा. कुशीवर." त्यांच्या आवाजात दवाखाना होता, वामनराव झोपले. विमलताईंनी धोतर सोडून पाहिलं. मग त्या दीपाला कोमट पाणी आणायला म्हणाल्या, अगदी हळू. कापूस चामडीत रुतून बसला होता. कातडी अशी उरलीच नव्हती. जिथे होती तिथे ती ओल्या कागदासारखी पांढरी पडली होती, आणि बाकी लाल मांस, त्यावर तंतूच तंतू, साबणाचा आणि पावडरीचा लगदा, मधेच पेळूत राहून गेलेला कापसातल्या वाळक्या पत्तीचा काळा तुकडा. विमलताई पाणी सोडत होत्या आणि एकेक तंतू सोडवत होत्या, सरकीवरून रुई काढावी तसा. वामनराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुखत होतं म्हणणं काही खरं नाही, दुखण्याच्या पलीकडचं काहीतरी होतं. पण त्यातही त्यांच्या मनात एक विचार वळवळत होता, की गादीवाल्यानं मिश्र कापूस भरला होता, आखूड धाग्याचा, चांगला लांब धागा असता तर असं झालं नसतं. दीपा बादली धरून रडत होती. "म्या तवाच सांगाले पाह्यजे होतं," ती म्हणाली. विमलताई तिला गप्प म्हणाल्या नाहीत. "हो," म्हणाल्या. "सांगायला हवं होतं."

त्याच दिवशी पलंग मागच्या खोलीत गेला. ग्रेड उतरली. दोन बाया दोन बाजूंनी उचलून नेत असताना वामनराव त्यावर कुशीवर होते आणि रस्त्याची खिडकी मागे सरकताना त्यांना दिसली. घनश्यामला फोन झाला. तो येतो म्हणाला, कधी ते म्हणाला नाही. मागची खोली त्यांना वाटली होती तशी नव्हती, हेच त्यांना सहन होईना. उजेड भरपूर होता. वास होता, पण तो उन्हात वाळलेल्या फडक्यांचा. ज्यांना ते कवडी समजत होते ती म्हातारी माणसं शांतपणे पडलेली, आणि त्यांची फडकी बदलताना त्यांच्या कमरेखालची कातडी दिसायची ती सुरकुतलेली पण धडधाकट, तेलकट चमकणारी, कुठे ओरखडा नाही. शेजारच्या पलंगावर उकंडा नावाचा म्हातारा होता. मुकुटबनकडचा, घरी आता कोणी उरलं नाही, एक बाजू लुळी, पण आवाज खणखणीत. "पोरी, ओलं झालं वं!" असा तो भरदुपारी ओरडायचा, बाजारात भाव सांगावा तसा, आणि दीपा "आली, मामा" म्हणत यायची. पहिल्यांदा तो ओरडला तेव्हा वामनरावांचेच कान तापले. एवढ्या मोठ्यानं? स्वतःबद्दल?

विमलताईंनी त्यांना समजावलं, दोनदा समजावलं. बसणं पूर्ण बंद, कूस बदलत राहायची, पाणी भरपूर प्यायचं. "जखम खोल आहे, काका. खोटं सांगत नाही. भरली तर भरेल, नाहीतर आतल्या आत पसरेल आणि मग माझ्या हातात काही नाही. ओलं झालं की तेव्हाच्या तेव्हा सांगायचं. एवढंच तुमच्याकडे आहे." एवढंच! पण सांगणार कशावरून? तिथलं जळणं चोवीस तास चालू, त्यामुळे जळण्यावरून काही कळत नव्हतं. आणि हात तर असा. तरी ते दर थोड्या वेळानं हात मागे न्यायचे, सवयीनं, आणि हात सांगायचा, कोरडं. दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी उकंडा मान वळवून त्यांच्या पलंगाकडे पाहत होता. "पोरी," तो ओरडला, "साहेबाचं ओलं झालं." आश्रमातले बाकीचे म्हातारे त्यांना साहेबच म्हणायचे. वामनरावांचा हात आधीच मागे गेला होता. "कोरडं आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम भरदार निघाला, चाकावर उभा राहून निघायचा तसा. "मी हात लावून पाहिलं आहे." दीपा दारात आली होती, हातात पिळलेलं फडकं. तिनं उकंडाकडे पाहिलं. उकंडानं डोळे छताकडे नेले. "साहेब म्हनते तं कोरडं असंन," तो म्हणाला. दीपा गेली. संध्याकाळी विमलताईंनी फडकं सोडलं तेव्हा ते चिंब होतं, आणि जखमेची कड आणखी बोटभर खाली सरकली होती. मलम लावून गाठ मारल्यावर त्यांनी ती पुन्हा सोडून पाहिली, आणि वामनरावांना कळलं की ही बाई घाबरली आहे.

रात्रभर त्यांना थंडी वाजत होती. सकाळी त्यांनी आपणहून पाणी मागितलं आणि पूर्ण फुलपात्र प्यायले. मग बराच वेळ शेजारच्या पलंगाकडे पाहत पडले. उकंडाचा धड असलेला हात पांघरुणावर होता. त्यांना विचारायचं नव्हतं, आणि विचारल्यावाचून राहवेना. "तुम्ही केंद्रावर कापूस आणायचे?"

"आनो ना. कोन नाई आने?"

"मुकुटबनला?"

"तेथंच तं. अजून कुठं जाऊ?"

"मग मला पाहिलं असेल तुम्ही. ग्रेडर होतो मी तिथे."

उकंडानं त्यांच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, काही शोधत असल्यासारखं. "तोंडाकडं कोन पाहे साहेब तवा," तो म्हणाला. "आमी हाताकडं पाहो."

"कधी परत पाठवली गाडी? ओला म्हणून?"

"पाठोली असंन." उकंडा म्हणाला. त्याच्या आवाजात कडवटपणा असता तर वामनरावांना सोपं गेलं असतं. "लय गाड्या गेल्या, लय आल्या. बुढी म्हने, वाळवून पुन्हा ने. वाळलेलाच राहे तो, कायले वाळवा? पन मी पसरो आंगनात. साहेब म्हनते तं ओला असंन, आपल्याले काय समजते. तुमी काहून इचारून राह्यले?"

"सहज," वामनराव म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. ओला होता की कोरडा होता, हे आता जगात कुणालाच कळणार नव्हतं. तो कापूस कधीच सूत होऊन, कापड होऊन, फाटून, फडकं होऊन संपलाही असेल. त्यांना इतकंच दिसत होतं की एका अंगणात एक माणूस कोरडा कापूस उन्हात पसरतो आहे, कारण एका हातानं तसं सांगितलं होतं, आणि त्या माणसाला स्वतःच्या हातावर भरवसा ठेवायची सोय नव्हती. त्यांना स्वतःची विलक्षण कीव आली, आणि मग कीव आल्याची लाज वाटली.

दुपारी ऊन खिडकीतून आत आलं होतं. बाहेर दीपा दोरीवरची फडकी उतरवत होती. वामनराव कुशीवर होते, उकंडाकडे तोंड करून, आणि उकंडाची नजर त्यांच्या कमरेखालच्या चादरीवर जाऊन थांबलेली त्यांना दिसली. तो काही बोलला नाही. कालचं त्याच्या लक्षात होतं. वामनरावांनी हात मागे नेला. चादर, चादरीची वीण, गादीची कड. कोरडं. हात अगदी ठाम होता, इतका ठाम की क्षणभर त्यांना वाटलं, या वेळी तरी खरंच कोरडं असेल. "उकंडा," ते म्हणाले. "काय दिसतं? सांगा ना." उकंडानं ओठ ओले केले. "तुमी पाह्यलं असंन ना साहेब." "मी पाहिलं. तुम्ही सांगा." मग म्हातारा एकदम, खोलीभर घुमेल असा ओरडला, "पोरी, साहेबाचं ओलं झालं वं! चादरीची कड काळी पडली!" दीपा फडक्यांचा ढीग छातीशी धरून धावत आली. ढीग खाली ठेवून तिनं हात पुसला आणि पाहायला म्हणून चादरीखाली घालणार, तोच वामनराव म्हणाले, "पाहू नोको." आपल्या तोंडून घरची बोली आली हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "बदलून टाक. तो म्हनते नं ओलं हाये."

दीपानं फडक्याची गाठ सोडली. कोमट पाणी लागलं, फडकं लागलं, आणि त्यांनी दात आवळून घेतले. हात मात्र अजूनही चादरीवर होता आणि सांगतच होता, कोरडं आहे, कोरडं आहे. त्यांनी तो ओढून आणला आणि स्वतःच्या अंगाखाली दाबून धरला.